नादार (कर्ज फेडता येत नाही म्हणून न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेला) ठरल्यावर घरातली भांडीकुंडी आणि मंगळसूत्रही जप्त होतं का?

नाही, रोजच्या जगण्याला लागणारं जप्त होत नाही. बदल होतो तो उधारीत. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, आणि या भीतीने झोप उडालेली माणसं पाहून वाईट वाटतं. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधल्या वस्तू वगळून. म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने तुमचेच राहतात. पीएफलाही हात लागत नाही. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित: २५,००० पगार असेल तर १७,००० हातात.

जपायचं ते किराणा दुकानात. न्यायालयाने नादारीतून मुक्त करेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही रक्कम कुणी बदललेली नाही, त्यामुळे वाण्याला स्पष्ट सांगा किंवा रोखीने घ्या. या काळात कंपनीचं संचालकपद आणि आमदार-खासदारकीही बंद.

मात्र घर बँकेकडे गहाण असेल तर बँकेचा त्यावरचा हक्क कायम राहतो, आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. त्याला आधीच कल्पना द्या. मुंबई शहरात १९०९ चा वेगळा कायदा आहे, तिथे अर्ज उच्च न्यायालयात जातो.