वाचकांचे प्रश्न: हात दमतो तेव्हा चित्र कसं काढायचं

मागच्या अंकात न्यूरोमस्क्युलर आजार असलेले लोक चित्रं कशी काढतात यावर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. मेंदूचा हुकूम निघतो, मज्जारज्जूतल्या मोटर पेशींकडे जातो, तिथून नसेतून पुढे, मग नस आणि स्नायू जिथे भेटतात तो जोड, आणि शेवटी स्नायू, तर या वाटेत मज्जारज्जूपासून पुढे कुठेही बिघाड झाला की तो आजार या घराण्यातला. एएलएस आणि एसएमए (या दोन्हींत मोटर पेशीच मरत जातात), ड्युशेन (स्नायूंचा), मायस्थेनिया (जोडाचा), शार्को-मारी-टूथ (नसांचा) ही सगळी एकाच घरातली, पण स्वभाव प्रत्येकाचा वेगळा, आणि चित्रापुरतं बोलायचं तर तो स्वभाव ओळखणं हेच अर्धं काम. यातलं शेवटचं मला स्वतःला आहे, त्यामुळे काही भोगलेलं आणि काही वाचलेलं असं मिसळून लिहितोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला ड्युशेन आहे. आधी मोठ्या कागदावर हात फिरवून फिरवून चित्रं काढायचा, आता वहीच्या कोपऱ्यात इवलुशी काढतो. त्याचा उत्साहच गेलाय असं वाटतं. सासूबाई म्हणतात रोज जास्त वेळ काढायला लाव, सवयीने हातात ताकद येईल. खरं आहे का?

ताई, उत्साह नाही हो गेला, खांदा दमलाय त्याचा. ड्युशेनमध्ये कमजोरी धडाजवळच्या स्नायूंपासून सुरू होते, म्हणजे कंबर, मांड्या, खांदे, दंड, आणि बोटं बऱ्याच नंतरपर्यंत चांगली चालतात. मोठं चित्र खांद्यातून निघतं आणि छोटं बोटांतून, त्यामुळे तुमच्या मुलाने कोणी न शिकवता स्वतःच आपलं माप बदलून घेतलंय. मला तर हे वाचून त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

आता सासूबाईंचं. त्यांची माया कळते पण हे गणित इथे लागू पडत नाही. डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन स्नायूच्या पेशीचं आवरण सांभाळतं, ते ज्या जनुकावरून बनतं ते माणसातल्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक, ७९ एक्सॉनचं, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या ७९ तुकड्यांचं, एक्स क्रोमोसोमवर बसलेलं, म्हणून हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. ते प्रथिनच नसलं की स्नायू आकसताना-ताणताना स्वतःच्याच कामाने फाटत राहतो. म्हणजे दमेस्तोवर काम करून घेतलं तर ताकद यायची सोडून नुकसानच जास्त. किती हलवायचं, काय ताणायचं ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा, आणि चित्रकलेला व्यायामाच्या रांगेत उभं करूच नका, नाहीतर त्याला तिचाही कंटाळा येईल.

मोठी चित्रं मात्र परत आणता येतात. टेबल कोपराच्या उंचीला हवं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत टेबलावर पूर्ण टेकलेले हवेत, कोपर हवेत लोंबकळलं की दहा मिनिटांत खेळ खलास. उभा ईझल त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. हात सरकवण्यापेक्षा कागद सरकवायचा, हवं तर खाली गुळगुळीत पाटी ठेवून. आणि मोठ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे सोळा तुकडे करा, मागे नंबर टाका, एका वेळी एकच तुकडा त्याच्यासमोर ठेवा, आणि सोळा झाले की भिंतीवर जोडा. जोडावर रेषा थोड्या हुकतात, एखाद्या हत्तीची सोंड दोन इंच वर जाते, जाऊ द्या, त्यातच मजा आहे. पेन्सिल ६बी किंवा त्याहून मऊ घ्या, नाहीतर स्केचपेन, म्हणजे दाब कमी लागतो. पुढे हात उचलणं अजून जड झालं तर खुर्चीला लावायचे आधार मिळतात, स्प्रिंगवर किंवा रबरी पट्ट्यांवर हाताचं वजन तोलून धरणारे, त्याबद्दल ऑक्युपेशनल थेरपिस्टशी आत्ताच बोलून ठेवा.

प्रश्न: मिस्टर अक्षरं रंगवायचे, पाट्या, बॅनर, सगळं हाताने. दीड वर्षापूर्वी एएलएस निघाला. उजवा हात जवळजवळ गेला, डाव्याने थोडं जमतं. डोळ्यांनी चित्र काढता येतं म्हणतात, ते खरं का? आणि ते आत्ता बघावं की डावा हातही गेल्यावर?

खरं आहे, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुमच्या मिस्टरांच्याच धंद्यातलं आहे, अक्षरांचंच. लॉस एंजेलिसचा एक ग्राफिटी कलाकार आहे, टेम्प्ट वन या नावाने भिंती रंगवायचा, त्याला २००३ मध्ये एएलएस झाला आणि पुढे डोळे सोडून जवळपास सगळं थांबलं. २००९ मध्ये काही कलाकार आणि प्रोग्रामर मंडळींनी त्याच्यासाठी आयरायटर बनवला. स्वस्तातला चष्मा, त्याला व्हिडिओ गेमचा कॅमेरा जोडलेला, आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट. पलंगावर पडल्या पडल्या त्याने डोळ्यांनी आपली सही काढली आणि ती प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर मोठ्ठी पडली.

एएलएसमध्ये डोळे हलवणारे स्नायू बहुतेकदा शेवटपर्यंत शाबूत राहतात, म्हणून हे जमतं. पण डोळ्याने काढणं म्हणजे डोळा फिरवला आणि रेघ उमटली असं नाही हं, इथेच लोकांची निराशा होते. डोळा रेघेसारखा सरकतच नाही, तो उड्या मारतो, इथून तिथे, तिथून पलीकडे. समोर हलणारी वस्तू असेल तरच तो सलग सरकतो. खोटं वाटत असेल तर समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजरेने एक गोल काढून बघा, डोळा अडखळत अडखळत जातो. म्हणून अशा सॉफ्टवेअरमध्ये आधी बिंदू ठेवायचे असतात, एका जागी नजर रोखून धरली की बिंदू पक्का, मग पुढचा, आणि मशीन ते जोडून वळण काढतं. खरं म्हणजे ज्याने अक्षरं रंगवलीत त्याला हे नवीन नाही, वळण कुठे सुरू होतं कुठे संपतं हे त्यांच्या डोक्यात आधीच बसलेलं आहे.

आता कधी, याचं उत्तर: आत्ता. डावा हात चालतोय तोवरच. डोळ्यांनी काम करायला शिकणं दमवणारं असतं, पहिले काही आठवडे चिडचिड होते, डोळे कोरडे पडतात, आणि हे सगळं एखाद्याच्या हातात दुसरं काहीच उरलेलं नसताना शिकायला लावणं फार क्रूर वाटतं मला. हात चालू असताना दिवसातून वीस मिनिटं गंमत म्हणून करायचं. एक साधन चालू असतानाच पुढच्याशी ओळख करून घ्यायची, आणि हे फक्त एएलएसचं नाही, वाढत जाणाऱ्या सगळ्याच आजारांत जे लोक काम करत राहिले त्यांच्याकडे बघितलं की हेच दिसतं.

आणि एक काम या आठवड्यातच करा. डाव्या हाताने होतील तेवढी अक्षरं त्यांच्याकडून रंगवून घ्या, संपूर्ण बाराखडी होईलच असं नाही, पण काने, वेलांट्या, मात्रे, उकार सुटे सुटे, आणि जुनं उजव्या हाताचं जे काही घरात असेल ते सगळं स्कॅन करून ठेवा. पुढे नजरेने नवीन काढायची ताकद नसेल त्या दिवशीही स्वतःचे तुकडे उचलून नवीन पाटी जुळवता येईल, आणि ती त्यांच्याच वळणाची असेल. जेसन बेकर नावाच्या अमेरिकन गिटारवादकाला १९९० मध्ये, विशीतच, एएलएस निघाला, त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींवर अक्षरं ओळखायची एक पद्धत बसवली आणि तो त्या खुणांनी एकेक सूर सांगत संगीत रचत राहिला, २०१८ मध्येही त्याचा नवीन अल्बम आला. गिटार हातात नाही पण सूर त्याचाच ना.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, मायस्थेनिया आहे, फाइन आर्टला शिकते. सकाळी रेषा मस्त येते, दुपारनंतर पापणी पडते आणि एकाच्या दोन बाटल्या दिसतात. सर म्हणतात लक्ष नाही तुझं.

सरांना सांग की एकाच्या दोन दिसतायत तर लक्ष दुप्पटच लागतं. बरं, गंमत बाजूला. तुझ्या आजारात बिघाड नस आणि स्नायूच्या जोडावर आहे, नसेने पाठवलेला निरोप स्नायूवरच्या ज्या रिसेप्टरांनी घ्यायचा त्यांनाच बहुतेकदा शरीराच्या अँटिबॉडी त्रास देतात, म्हणून पहिल्या दहा वेळा हुकूम पोचतो आणि पुढे पुढे विरत जातो, विश्रांती घेतली की परत पोचतो. डोळ्यांचे स्नायू यात बऱ्याचदा सगळ्यात आधी सापडतात. हे बाहेरून अगदी आळसासारखं दिसतं, त्यामुळे डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घे आणि कॉलेजला दे, तोंडी समजावत बसू नकोस, त्यातच अर्धी शक्ती जाते.

ड्रॉइंग, मोजमाप, पोर्ट्रेट हे सकाळी किंवा गोळीचा जोर असतो त्या तासांत कर, वॉश टाकणं, बॅकग्राउंड, कागद ताणणं हे नंतर. दोन दिसायला लागले की एक डोळा झाक, पट्टी लाव, खोली थोडी कमी कळते पण रेषा तरी एकच दिसते. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय असं वाटलं तर सबमिशन गेलं खड्ड्यात, थेट हॉस्पिटल.

प्रश्न: आम्ही काही मित्र अशा कलाकारांचं प्रदर्शन भरवतोय. चित्राखाली आजाराचं नाव लिहावं का? लिहिलं तर विक्री वाढेल असं एकाचं म्हणणं आहे.

वाढेल, एकदाच. लोक हळहळून एक चित्र घेतात आणि परत कधी येत नाहीत. माझं स्पष्ट मत, चित्राशेजारच्या पाटीवर नाव, माध्यम, साइझ, वर्ष, बस. ज्या कलाकाराला स्वतःहून आजाराबद्दल लिहायचंय त्याने लिहावं, त्याच्या शब्दांत, आणि ज्याला नाही त्याच्याकडून ते काढून घेऊ नका. एखाद्याची रेषा थरथरती आहे ती मुद्दाम असेल, एखाद्याची दगडासारखी स्थिर आहे ती चार उशा लावून आणलेली असेल, बघणाऱ्याला ते विचारावंसं वाटलं तर त्याहून चांगलं काय.

आजाराचं नाव घेऊन केलेले सगळेच उपक्रम वाईट असं नाही म्हणत मी. अमेरिकेतल्या मस्क्युलर डिस्ट्रोफी असोसिएशनने १९९२ मध्ये अशा कलाकारांच्या चित्रांचा कायमचा संग्रह सुरू केला, त्यात लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे, आणि विषय म्हणाल तर फुलं, मांजरं, समुद्र, जे कोणीही काढतं ते. मला हेच आवडतं, आजार झाला म्हणून माणसाने आजाराचीच चित्रं काढायची असा काही नियम नाही. दुसरं उदाहरण तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांच्या संघटनेचं. ती उभी करणारा एरिक स्टेगमन हा जर्मन चित्रकार, लहानपणी पोलिओत हात गेले, तोंडात ब्रश धरायचा. त्याचा आग्रह असा की दान नको, चित्रांची कार्डं-कॅलेंडरं विकू आणि त्यावर जगू. तुमच्या मित्राला सांगा, किंमत ठरवायचा विचार तिथून सुरू करा.

मदतनीसाने ट्यूब पिळली, झाकण उघडलं, कॅनव्हास फिरवला तर चित्र कोणाचं, असंही तुम्ही विचारलंय. अहो, पूर्वीच्या मोठमोठ्या चित्रकारांचे रंग शिष्यच घोटायचे. कुठला रंग, कुठे, आणि कधी थांबायचं हे ज्याने ठरवलं, त्याचं चित्र.

प्रश्न: फ्रिडा काहलो आणि चक क्लोज या चित्रकारांना हेच आजार होते ना?

फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ झाला होता, उजवा पाय बारीक राहिला, आणि पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या मोटर पेशीच मारतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं हो. पण तिच्या चित्रांतलं दुखणं मुख्यतः १९२५ च्या बस अपघाताचं आहे. चक क्लोजला १९८८ मध्ये मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीचा त्रास होऊन लकवा झाला, ते या घराण्यातलं नाही. हाताला ब्रश बांधून त्याने पुढे जे काम केलं ते मात्र बघाच.

प्रश्न: रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लागतं, तेलरंग वापरू का?

रंगांपेक्षा टर्पेन्टाइनची भीती जास्त. आधीच श्वास कमी, त्यात ते वास बंद खोलीत नकोत. अॅक्रिलिक, गवाश, जलरंग वापरा, फिक्सेटिव्हचा (चित्र पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे दुसऱ्याला बाहेर जाऊन मारायला सांगा. घरात ऑक्सिजन सुरू असेल तर ज्वलनशील काहीच जवळ नको.

प्रश्न: तुम्ही स्वतः ब्रश कसा धरता?

कोणीतरी हे विचारणार हे माहीतच होतं. आधी एक खुलासा, शार्को, मारी आणि टूथ ही तीन डॉक्टरांची आडनावं, १८८६ मध्ये त्यांनी हा आजार लिहून ठेवला, दातांशी संबंध नाही, दोन जणांनी तसं विचारलंय. यात सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून पहिले पाय आणि मग हात. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा जो गुबगुबीत भाग असतो तो आता सपाट झालाय, अंगठा बोटांना भेटत नाही. म्हणून ब्रश तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, दांड्यावर पाइपला गुंडाळतात तो फोम, आणि लांब काम असेल तर तळहातावर वेल्क्रोचा पट्टा, त्याच्या खिशात ब्रश खोचलेला.

ताकदीपेक्षा स्पर्श गेल्याचा त्रास जास्त आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाला पटत नाही. एकदा आकाश रंगवत होतो, नजर कागदाच्या दुसऱ्या टोकाला, दोन-तीन फटकारे मारले आणि निळा काही उमटेना, खाली बघितलं तर ब्रश मांडीवर पडलेला, मी मोकळाच हात फिरवत होतो. तेव्हापासून पट्टा. पण पट्टा किती घट्ट बसलाय तेही हाताला कळत नाही, म्हणून अर्ध्या तासाचा अलार्म लावतो, सोडतो, कातडीवर लाल वळ आहे का बघतो, आणि परत बांधतो. थंडीत बोटं अजूनच आखडतात, तेव्हा आधी कोमट पाण्यात बुडवायची, आणि पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचं, बोटांवर विश्वास ठेवायचा नाही.