२५६ जीबीचा लॅपटॉप सतत भरतोय, एक्स्टर्नल ड्राइव्ह कायमची लावून काम भागेल का?

भागेल. फक्त त्यावर काय न्यायचं ते आधी ठरवा. विंडोज, रोजची सॉफ्टवेअर आणि सध्या हातात असलेलं काम आतच राहू द्या. फोटो, व्हिडिओ, संपलेले प्रोजेक्ट खुशाल बाहेर काढा.

नुसतं साठवायचं असेल तर हार्ड डिस्क पुरते, कमी पैशात भरपूर जागा मिळते. पण तुम्ही कायमची लावून ठेवणार, म्हणजे तिथूनच फाइल उघडून काम करणार. मग एसएसडीच घ्या, म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते, चालू असताना धक्का बसला तर डेटा जाऊ शकतो. लॅपटॉप उचलून फिरणाऱ्यांना ती सोयीची नाही.

गाडी बहुतेकदा अडते ती केबलपाशी. फोनच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण बऱ्याचदा ती जुन्या, हळू यूएसबी २.० ची निघते. तिच्यातून सेकंदाला जेमतेम ४० एमबी जातात. ५० जीबीचं फोल्डर हलवायला वीस मिनिटं! तीच एसएसडी तिच्या स्वतःच्या केबलने यूएसबी ३ च्या पोर्टला लावली की काम दोनेक मिनिटांत होतं. त्यामुळे ड्राइव्ह हळू वाटली तर आधी केबल बदलून बघा.

आता फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची पद्धत. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस ठेवा. मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्ह कोरी होते, म्हणून हे पहिल्याच दिवशी उरका. शिवाय विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एक पक्कं अक्षर द्या, पी म्हणा. नाहीतर ती कधी ई होते, कधी एफ, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला स्वतःच्याच फाइल सापडत नाहीत. काढताना इजेक्ट करूनच काढा, एक्सफॅट असेल तर हमखास.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. लॅपटॉपमधून फाइल उडवून ड्राइव्हवर ठेवली म्हणजे बॅकअप झाला नाही, ती एकुलती एक प्रत नुसती जागा बदलून बसली. एसएसडी बंद पडते तेव्हा अनेकदा आधी काहीच कुरकुर करत नाही. घरच्यांचे फोटो, कामाची कागदपत्रं यांची दुसरी प्रत क्लाउडवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत टाकू नका.