मोटर स्थिर, आकडे मात्र भरकटलेले

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी १२ व्होल्टच्या डीसी मोटरवर अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर, म्हणजे मोटरचं वागणं शिकत स्वतःला बदलणारा नियंत्रक, बसवला (रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे दर मापनागणिक अंदाज सुधारणारी पद्धत; जुनी मापनं हळूहळू विसरायला लावणारा फरगेटिंग फॅक्टर ०.९८; सॅम्पलिंग १० मिलिसेकंद). सिम्युलेशनमध्ये सगळं जमतं. खऱ्या मोटरचा वेग स्थिर झाला की ‘ए’ आणि ‘बी’ हे मॉडेलचे दोन्ही पॅरामीटर (पुढचा वेग = ए × आताचा वेग + बी × व्होल्टेज) भरकटतात, आणि लोड लावताच ती झटका देते. कंट्रोल सोडून सॉफ्टवेअरकडे वळू का?

उत्तर : एवढ्यावरून सोडू नकोस. तू अडलीस ती जागा या विषयाचा गाभा आहे.

वेग स्थिर असताना ‘ए’ आणि ‘बी’ वेगवेगळे ओळखताच येत नाहीत. कळतं ते फक्त बी भागिले (१ − ए). त्यात ०.९८ मुळे अल्गोरिदमला साधारण शेवटची ५० सॅम्पल्सच आठवतात. ५ सेकंद वेग स्थिर राहिला, की जिकडून नवी माहिती येत नाही त्या दिशेने को-व्हेरियन्स (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) सुमारे २४ हजार पट फुगतो. मग लोडच्या जराशा धक्क्यानेही अंदाज उडी मारतो आणि कंट्रोलर त्यावर विसंबून भलतंच व्होल्टेज देतो.

आधी ओपन लूपमध्ये, म्हणजे कंट्रोलर बंद ठेवून, ६ व्होल्टच्या वर-खाली १ व्होल्टचा पीआरबीएस (दोन पातळ्यांत वरवर पाहता कशाही उड्या मारणारा) सिग्नल दे. शून्याच्या आसपास नको, तिथे घर्षणामुळे मोटर हलतच नाही. प्रत्येक पातळी निदान ४-५ सॅम्पल्स टिकव. सरासरी वजा कर, अर्ध्या डेटावर अंदाज काढ, उरलेल्यावर पडताळून पाहा. वेग मोजणारा एन्कोडरही तपास: फेरीला १०० पल्स आणि वेग ३०० आरपीएम असेल, तर १० मिलिसेकंदात पाचच पल्स येतात, एक इकडेतिकडे झाला की २० टक्के चूक. अशा वेळी दोन पल्समधला वेळ मोजावा. नंतर क्लोज्ड लूपमध्ये (कंट्रोलर चालू ठेवून) एरर, म्हणजे अंदाजातली चूक, अगदी लहान असताना अपडेट थांबव आणि को-व्हेरियन्सला कमाल मर्यादा घाल.

वेग शांत ठेवायचा, पण शिकण्यासाठी मोटरला डिवचायचंही, ही ओढाताण सोव्हिएत कंट्रोल-संशोधक फेल्डबाउम यांनी १९६० च्या सुमारास ‘ड्युअल कंट्रोल’ म्हणून मांडली. तिचं नेमकं उत्तर काढायला गणित अवाढव्य होतं, म्हणून प्रत्यक्षात प्रयोग नीट आखणारा माणूस लागतो. मला तरी हेच या क्षेत्राचं मोठं आकर्षण वाटतं.

गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकलमधून दे. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचा स्वतंत्र एम.टेक. आहे. लिनियर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी आतापासून पक्की कर. कोडिंग सुटत नाहीच: मायक्रोकंट्रोलरवर सी, विश्लेषणाला पायथन. मुलाखतीला जाताना भरकटलेल्या आणि सुधारलेल्या पॅरामीटरचे आलेख एकाच कागदावर छापून ने.