पाच मतदार, तीन प्रश्न

प्रश्न : मी ज्यांना निवडून दिलं, त्यांनी सभागृहात एका विधेयकावर माझ्या मताच्या नेमकं उलट मतदान केलं. मग प्रत्येक प्रश्नावर थेट लोकांचाच कौल का घेऊ नये? त्यात तरी आमच्या मनातलं उमटेल ना?

उत्तर : राग रास्त आहे, पण दरवेळी त्यामागे दगाच असतो असं नाही. राज्यशास्त्र शिकवायचो तेव्हा मी फळ्यावर एक कोष्टक मांडायचो. पाच मतदार; कर, शाळा, रस्ते हे तीन प्रश्न; निळा आणि पिवळा हे दोन पक्ष. पहिल्याला फक्त करांबाबत पिवळ्याचं पटतं, दुसऱ्याला फक्त शाळांबाबत, तिसऱ्याला फक्त रस्त्यांबाबत. बाकी सगळ्यात हे तिघे निळ्याचे. उरलेले दोघे पक्के पिवळे. निवडणूक निळा 3-2 ने जिंकतो. आता एकेक प्रश्न मताला टाका. करांवर पिवळ्याला तीन मतं, शाळांवर तीन, रस्त्यांवरही तीनच! "सर, गणित चुकलं," असं मागच्या बाकावरून हमखास यायचं. चुकलेलं नसायचं. निवडणुकीत आपण अख्खं गाठोडं उचलतो, सार्वमतात एकेक जिन्नस.

सुट्या प्रश्नापुरतं सार्वमत जास्त नेमकं, हे मान्य. स्वित्झर्लंडमध्ये सरकार आणि संसद 'नको' म्हणत असताना 2009 साली 57.5 टक्के मतदारांनी नव्या मिनारांवर बंदी घातली. (तिथल्याच मतदारांनी 2012 साली सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा प्रस्ताव फेटाळला. लोक फुकटाला भुलतात म्हणणाऱ्यांची मला तेव्हा गंमत वाटली.)

पण सार्वमत डोकी मोजतं, कळकळ मोजत नाही. 1958 साली तिथल्या संसदेने स्त्रियांच्या मताधिकाराला मंजुरी दिली. 1959 च्या सार्वमतात मत देणार कोण, तर फक्त पुरुष! दोनतृतीयांश 'नाही' म्हणाले आणि बायकांना 1971 पर्यंत थांबावं लागलं. सभागृहात 'यावर तुम्ही साथ द्या, पुढच्या वेळी आम्ही' असं चालतं. आपण त्याला सौदेबाजी म्हणून नाक मुरडतो. पण ज्यांच्या जिवाला लागलेलं असतं, त्या थोड्यांचं काम कधीकधी त्यातूनच होतं.

तुम्ही विधेयक कोणतं ते लिहिलेलं नाही. इतर किती प्रश्नांवर तुमचे प्रतिनिधी तुमच्या बाजूने उभे राहिले, तेही मोजून कळवा.