‘हे तिला कळता कामा नये’

‘मॅडम, आम्ही इथे जे बोलू ते बाहेर जाणार नाही ना?’ कॅलिफोर्नियात परवानाधारक विवाह व कुटुंब समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला मराठी जोडप्यांकडून पहिल्याच भेटीत विचारला जातो. ‘बाहेर’ या एका शब्दात पुण्यातील सासर-माहेर, महाराष्ट्र मंडळातील ओळखीचे लोक, नवऱ्याची कंपनी, व्हिसाचे कार्यालय आणि न्यायालय असे सगळेच येते. याहून अवघड असलेला प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. दोघांपैकी एकाने मला वेगळे गाठून काही सांगितले, तर ते दुसऱ्यापर्यंत जाईल का? पुढील हकिकत याच प्रश्नाची आहे. ज्या जोडप्याची ती आहे त्या दोघांनी ती लिहिण्यास लेखी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

नवरा संगणक अभियंता होता आणि नोकरीशी बांधलेल्या एच-१बी व्हिसावर अमेरिकेत काम करत होता. पत्नी त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आली होती आणि तिला नोकरीची परवानगी नव्हती. मुलगा सहा वर्षांचा होता. नवऱ्याची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आली होती आणि त्या मुक्कामात सुरू झालेली भांडणे ती परत गेल्यावरही थांबली नव्हती.

पहिल्या सत्रातील बराचसा वेळ मी संमतिपत्र समजावून देण्यात घालवते. अनेकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. बँकेच्या कागदांवर करतात तशी पानोपानी सही करून मोकळे व्हावे, असा त्यांचा कल असतो. मी तसे करू देत नाही, कारण गुप्ततेचे आश्वासन मी देते तेव्हा त्याच्या मर्यादा आधी सांगणे हे माझे कायदेशीर आणि नैतिक कर्तव्य आहे. आमच्या राज्यात हा परवाना ‘बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस’ हे मंडळ देते. त्यासाठी देखरेखीखाली ३,००० तासांचे काम करावे लागते आणि कायदा व नीतिनियमांची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

त्या मर्यादांचा उगम सांगताना मी कॅलिफोर्नियातीलच बर्कली येथील घटनेचा उल्लेख करते. १९६९ साली तेथील विद्यापीठात भारतातून शिकायला आलेल्या प्रोसेनजित पोद्दार या विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून केला. तिला मारण्याचा विचार त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाजवळ बोलून दाखवला होता. त्या तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलेही, परंतु तातियानाला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच सावध केले नाही. आईवडील न्यायालयात गेले आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचे रक्षण करण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्यावरही असते. आज एखाद्याने माझ्यासमोर ओळखता येईल अशा व्यक्तीला गंभीर शारीरिक इजा करण्याची धमकी दिली, तर त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवण्याचा प्रयत्न मला करावाच लागतो. लहान मुलावर किंवा वृद्ध व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचा वाजवी संशय आला, तरीही मौन बाळगता येत नाही. मुलाच्या बाबतीत लगेच फोन आणि ३६ तासांच्या आत लेखी अहवाल, असा नियम आहे. हे ऐकताच आपल्याकडचे पालक एकमेकांकडे पाहतात. कधीकाळी दिलेला धपाटा आठवत असतो, हे मला समजते. प्रत्येक धपाट्याला कायदा अत्याचार मानत नाही. पण मुलाला इजा झाली असेल, तर कळवायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक मला राहत नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे. व्हिसा, नोकरी किंवा नातेवाइकांच्या चौकशा यांसाठी मात्र असा कोणताही अपवाद नाही.

शेवटचे कलम जोडप्यांसाठीचे असते. माझ्याकडे तुम्ही दोघे मिळून एक क्लायंट आहात. तुमची फाइल एक आहे आणि तिच्यातील काहीही बाहेर देण्यासाठी दोघांच्या सह्या लागतील. तसेच एकाने मला वेगळे सांगितलेली आणि तुमच्या नात्याच्या कामाशी निगडित असलेली गोष्ट मी दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाही. सगळेच समुपदेशक असे ठरवत नाहीत. काही जण प्रत्येकाचे गुपित वेगळे जपतात. आमच्या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता सांगते की जोडप्यातील एकाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगू नये, आणि म्हणूनच माझ्या संमतिपत्रात ती परवानगी आधीच घेतलेली असते. दोघांनीही सह्या केल्या.

तिसऱ्या आठवड्यात मला पुण्याहून फोन आला. ‘मी त्याची आई बोलतेय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, ती दोघं येतात ना तुमच्याकडे?’ आवाजात काळजी होती, कुरापत काढण्याचा सूर नव्हता. तरीही कोण माझ्याकडे येते आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगू शकत नाही, एवढेच उत्तर मला देता आले. ‘अहो, मी आई आहे त्याची,’ त्या पुन्हा म्हणाल्या. मला फार वाईट वाटले, पण त्या सौजन्याच्या एका ‘हो’ने दोघांच्या सह्यांना काहीच किंमत उरली नसती.

चौथ्या आणि पाचव्या सत्राच्या मधल्या एका गुरुवारी नवऱ्याचे ईमेल आले. बारा दिवसांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन तो घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळपर्यंत सार्वजनिक वाचनालयात बसून अर्ज करत होता. नोकरी गेलेल्या एच-१बी धारकाला नवा मालक शोधण्यासाठी किंवा दुसरी काही सोय करण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि पत्नी व मुलाचे येथील वास्तव्यही त्याच्याच व्हिसावर उभे असते. शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘हे तिला कळता कामा नये. नोकरी मिळाली की मीच सांगेन.’

तो समोर असता, तर पहिल्याच वाक्यावर ‘थांबा’ म्हणून मी त्याला संमतिपत्राची आठवण करून दिली असती. ईमेलला असे थांबवता येत नाही. मला त्याची दया आली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मी गप्प राहिले असते, तर पुढच्या बुधवारी पत्नी ‘हा हल्ली माझ्याशी बोलतच नाही’ असे सांगत असताना त्याचे कारण ठाऊक असूनही मला अनभिज्ञ असल्यासारखे प्रश्न विचारावे लागले असते. याचा अर्थ मी तिच्याविरुद्ध त्याच्या बाजूला जाऊन बसले असते. दुसरीकडे, सही आहे म्हणून तिला लगेच फोन करून सांगणे हे कागदाला धरून झाले असते, पण एका घाबरलेल्या माणसाकडून स्वतःच्या तोंडाने सांगण्याची संधी त्यामुळे हिरावली गेली असती. मी नावगाव न सांगता एका ज्येष्ठ सहकारी समुपदेशिकेचा सल्ला घेतला, तो आणि माझा निर्णय दोन्ही फाइलमध्ये नोंदवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला.

‘तुम्ही मला लिहिलंत, हे बरं केलंत,’ मी म्हणाले. ‘पण हे मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही. बुधवारी तुम्ही स्वतः सांगा. कसं सांगायचं याची तयारी हवी असेल तर आत्ता करू.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर मला तुमच्यासोबतचं काम थांबवून तुम्हाला दुसऱ्या समुपदेशकांची नावं द्यावी लागतील. ते का थांबवते आहे, असं तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले की सुरुवात पैशांपासून करावी की व्हिसापासून. त्या प्रश्नावर आम्ही वीस मिनिटे बोललो.

बुधवारी त्याने सांगितले. पत्नीने आधी हिशेब केला: अठरा दिवस गेले, बेचाळीस उरले. मग ती माझ्याकडे वळली. ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘हो. सहा दिवसांपासून. आज यांनी सांगितलं नसतं, तर आपण पुढे भेटू शकलो नसतो, हे मी यांना सांगितलं होतं.’

तिचा राग त्या दिवशी माझ्यावरही निघाला आणि तो रास्त होता, कारण सहा दिवस हा तिच्यासाठी छोटा काळ नव्हता. पुढच्या सत्राला ती संमतिपत्राची स्वतःची प्रत घेऊन आली. त्या कलमाखाली तिने पेनाने रेघ ओढली होती.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगणे मला आवश्यक वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु विवाह समुपदेशकासाठी कॅलिफोर्नियासारखा स्वतंत्र परवाना तेथे नाही. त्यामुळे एकाने वेगळे सांगितलेल्या गोष्टीचे तुम्ही काय करता, फाइल कोणाच्या नावाने असते आणि ती कोण मागू शकते, हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

सातव्या सत्रानंतर पत्नीने मला एकटीने फोन करून ते ईमेल पाहायला मागितले. तो जे लिहू शकतो पण बोलू शकत नाही, ते मला वाचायचे आहे, असे ती म्हणाली. ते ईमेल आता दोघांच्या फाइलचा भाग होते, म्हणून एकटीच्या विनंतीवर ते देता येणार नाही, दोघांच्या सह्यांचा अर्ज लागेल, असे मी तिला सांगितले. वकिलाने मागितले असते तरी दोघांच्या परवानगीशिवाय मी ते दिले नसते. माझे उत्तर तिला कोरडे वाटले असणार.

आठव्या सत्राला दोघे आले तेव्हा अर्ज तिच्या हातात होता आणि त्यावर दोन्ही सह्या होत्या. मी ईमेलची छापील प्रत तिला दिली. तिने ती तेथेच, त्याच्या शेजारी बसून वाचली, आणि वाचनालयात तो दुपारी काय खात होता, एवढेच विचारले.