‘रेझ’ आणि ‘राइझ’ यांत फरक काय? ‘रेझ’चं मूळ कुठलं?

तुम्ही ‘रेझ’ या क्रियापदाचा अर्थ, वापर आणि मूळ विचारलंय. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, तिथे हा घोळ नेहमीचा. परवा एका मुलीने वहीत लिहिलं, ‘द सन रेझेस इन द ईस्ट’. मी विचारलं, “सूर्य वर करतो? काय वर करतो?” तिने लगेच खोडून ‘राइझेस’ केलं.

हे मराठी माणसाला अवघड नाही. उठणे–उठवणे, चढणे–चढवणे हीच ती जोडी. भाव चढले तर राइझ, दुकानदाराने चढवले तर रेझ. अडलात तर ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारून बघा. उत्तर मिळालं तर रेझ.

अर्थ मात्र एका मराठी शब्दात मावत नाही. हात वर करणे, भाडं वाढवणे, मुद्दा उपस्थित करणे, मुलं लहानाची मोठी करणे, सगळीकडे रेझच. मी त्यातल्या त्यात ‘उभारणे’ जवळचा मानतो, कारण आपण गुढी उभारतो, मंडप उभारतो आणि निधीही उभारतो. एक सांभाळा: ‘झेड’ घालून लिहिलेल्या रेझचा उच्चार हाच, पण अर्थ उलटा, इमारत पाडून भुईसपाट करणे.

आता मूळ, माझा सगळ्यात आवडता भाग. हा शब्द इंग्लंडात स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘रेइसा’वरून आला आणि इंग्रजी लिखाणात १२००च्या सुमारास दिसू लागला. इंग्रजीचा घरचा शब्द आधीपासून होताच, तो म्हणजे आजचा ‘रिअर’: कोंबड्या पाळणे, मुलं वाढवणे. (‘मागची बाजू’वाला रिअर वेगळा, तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला.) राइझ, रेझ आणि रिअर तिन्ही एकाच धातूचे.

मग रिअरच्या शेवटी ‘स’ किंवा ‘झ’ऐवजी ‘र’ कुठून आला? हे कोडं डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नर या भाषाशास्त्रज्ञाने १८७५ साली सोडवलं, आणि त्याची किल्ली होती वैदिक संस्कृतातले स्वर, म्हणजे अक्षरांचे उंच-सखल उच्चार! फार जुन्या काळी जर्मानिक भाषांतही (इंग्रजी याच कुळातली) आघात संस्कृतासारखाच जागा बदलायचा. तो ‘स’च्या आधीच्या अक्षरावर असला की ‘स’ टिकायचा. पुढे गेला की ‘स’चा ‘झ’ आणि इंग्रजीत पुढे ‘र’ व्हायचा. ‘उठवणे’सारख्या प्रयोजक क्रियापदांत (रिअर त्यातलाच) आघात धातूवर नसायचा, पुढच्या प्रत्ययावर असायचा. संस्कृत ‘बोधयति’ (जागं करतो) घ्या: उदात्त, म्हणजे उंच स्वर, ‘बो’वर नाही, ‘ध’वर आहे.

ऋग्वेदाच्या पोथ्यांत अक्षरांखाली आडव्या आणि डोक्यावर उभ्या रेघा दिसतात ना, त्या याच स्वरांच्या खुणा. भांडारकर संस्थेतल्या अशा ३० पोथ्या युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिनोंदीत घेतल्या. माझ्या वर्गापासून त्या रिक्षाने काही मिनिटांवर आहेत.