“मॅडम, माझ्या एकटीनं काय होणार आहे?”

पर्यावरणाच्या काळजीनं झोप उडालेल्यांचा हा प्रश्न नागपुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कुणी नाग नदीच्या वासापासून सुरुवात करतं, कुणी अजनीतल्या झाडतोडीपासून. गाडी थांबते ती इथेच. म्हणून एकीची हकिकत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

वय बत्तीस, नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर जंगलतोडीच्या बातम्या. घरात प्लास्टिकची पिशवी दिसली की सासूबाईंशी वाद. पहिल्या दोन भेटींत तिनं मला आकडेच ऐकवले. “हे थांबलंच पाहिजे,” हे तिचं पालुपद. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीवाली, म्हणजे मनातल्या ‘असंच झालं पाहिजे’ या हट्टाला प्रश्न विचारणारी, त्यामुळे असा ‘च’ आला की माझे कान टवकारतात. पण तो ‘च’ सोडवायला बसले आणि दोन्ही वेळा ती माझ्यापेक्षा चांगला वाद घालून गेली.

तिसऱ्या भेटीत मी वाद सोडला.

“तुमच्या फाटकासमोर झाड आहे?”

“आहे.”

“कसलं?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “कडुनिंब असेल.” आणि थोड्या वेळानं, “मी पाहिलंच नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला वीस वर्षं लागली! पंखा फिरत होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग एकदम २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट निघाली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांत शिरलं. हिचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. “मी गॅलरीतून व्हिडिओ काढत होते, मॅडम. आजींना बाहेर काढलं ते समोरच्या पोरांनी. त्यानंतर मी त्यांच्या दाराशी गेलेच नाही. काय तोंडानं जाऊ?”

तेव्हा मला उलगडलं. साऱ्या जगाची काळजी ती करत होती, ती एका दाराशी जाता येत नव्हतं म्हणून. काळजी करणं आणि काळजी घेणं, आपल्या भाषेत शब्द एकच, पण पहिलं रात्री दोन वाजता अंथरुणात होतं आणि दुसऱ्याला चपला घालाव्या लागतात. (हे वाक्य मी तिला तेव्हाच ऐकवलं. तिनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू?)

पुढच्या आठवड्यात ती आजींकडे गेली. माफीबिफी राहूनच गेली. झाडाचं विचारलं, तर आजी म्हणाल्या, “करंज आहे नं तो! इतके वर्षं झाले, तुले माहीत नाही?” मग दोघींनी खाली वाकून पाहिलं. सिमेंट थेट खोडाला भिडलेलं, मुळाशी पाणी जायला बोटभर फट नाही. इथे तिचे पाठ आकडे कामी आले. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश तिला तोंडपाठ होता. त्याचा दाखला देऊन तिनं महापालिकेच्या झोन कार्यालयासाठी अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही आजींची, मग त्या समोरच्या पोरांची.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना आता मी कामाची जागा पायी पाच मिनिटांच्या आत निवडायला सांगते. काम इतकं लहान हवं, की ताप आला तरी शेजारी करू शकेल. पाखरांसाठी मातीचं भांडं ठेवा, पण पाणी रोज बदला, नाहीतर डासच पोसाल. नाक्यावरच्या पाणपोईचा एक वार वाटून घ्या. बातम्या दिवसातून एकदा, तेही उजेडी. आणि सोबत एक माणूस हवाच. या ‘च’ला माझी हरकत नाही. एकट्यानं उचललेलं काम पंधरा दिवसांत घरच्यांवर डाफरण्यात संपतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. घरच्यांना सुधारायचं काम तर घेऊच नका.

नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तिची ठरलेली भेट होती, ती आली नाही. मी फोन केला.

“अहो मॅडम, सहाला करंजाला पाणी घालायची पाळी माझी. नंतर आजींना दवाखान्यात न्यायचंय. तुमच्याकडे साडेदहाच्या उन्हात कोण येणार?”

पावसाळ्यात येते म्हणाली.